काठी टेकण्यापुरती जागा

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, सकाळच्या मिस्सानंतर आम्ही ख्रिस्तप्रसाद घेऊन आजारी व वृद्ध भाविकांच्या घरी जातो. त्यांच्या नावांची यादी आमच्या वहीत असते. या धर्मग्रामात आम्ही आलो तेव्हा ती एका पानात मावत होती. आज ती तिसऱ्या पानावर गेली आहे. नवे नाव लिहिताना आम्ही मनाशी म्हणत असू, वय झाले, शरीर थकले, देवाची इच्छा! त्यापलीकडे विचार करण्याची गरज आम्हांला कधी भासली नव्हती.

वाडीतले बैठे घर सोडून इमारतीत राहायला आलेली कुटुंबे वसईत आता पुष्कळ आहेत. अशाच एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर ऐंशी वर्षे ओलांडलेल्या एक मावशी राहतात. इमारतीला लिफ्ट नाही. बहात्तर पायऱ्या चढून आम्ही धापा टाकीत दारात उभे राहिलो की त्या प्रथम बसायला खुर्ची पुढे करतात. एका शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद दिल्यानंतर आम्ही नेहमीप्रमाणे आजाऱ्यांसाठी असलेली प्रार्थना म्हणू लागलो, तेव्हा त्यांनी हाताने आम्हांला थांबवले.

"फादर, मी आजारी नाही हो. स्वयंपाक मीच करते, मासळीसुद्धा मीच साफ करते. खाली उतरले की वर चढता येत नाही, एवढंच."

आम्ही त्यांच्या मुलाचा विषय काढला. आमच्या मनात काय आहे हे त्यांनी ओळखले असावे. "त्याला बोल लावू नका," त्या म्हणाल्या. "पहाटेची लोकल पकडतो, रात्री येतो. आईला पाठीवर घेऊन चार मजले चढायला तो काय म्हातारा व्हायचा थांबलाय?" मग जरा संकोचून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या चर्चला येत होत्या त्या काळी शनिवारी संध्याकाळपासून पाणी पिणे बंद करीत. चर्चचे स्वच्छतागृह मागे, सभागृहाच्या पलीकडे. वाटेत अंधार आणि दोन उंच पायऱ्या. रविवारी मिस्सा संपवून घरी पोहोचेपर्यंत तहान मारायची, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम होता.

त्या दिवशी जिना उतरताना आमची मान खाली गेली होती. चौथ्या आज्ञेवर आम्ही कित्येक प्रवचने दिली आहेत. मुलांना आणि सुनांना उपदेश केला आहे. परंतु एक वृद्ध स्त्री आमच्या अंगणात येण्यासाठी तहानलेली राहते, हे आम्हांला ठाऊक नव्हते. मोशेला देवाने जळत्या झुडपाजवळ थांबवले होते, आम्हांला त्याने चौथ्या मजल्यावर थांबवले.

पुढच्या आठवड्यात आम्ही धर्मग्राम परिषदेच्या एका ज्येष्ठ सभासदांना बरोबर घेऊन त्या इमारतीपासून चर्चपर्यंत चालत आलो. ते काठी टेकीत चालतात. एरवी आम्हांला त्या वाटेला दहा मिनिटे लागतात. त्या दिवशी अर्धा तास लागला. पदपथ जेथे होता तेथे त्यावर स्कूटर उभ्या होत्या. एके ठिकाणी गटाराचे झाकण नव्हते, म्हणून आम्हांला रस्त्यावर उतरावे लागले. पुन्हा वर चढताना त्यांनी आमच्या खांद्याचा आधार घेतला, कारण पदपथाची कड त्यांच्या गुडघ्याला पेलत नव्हती. रस्ता ओलांडायला ते दोनदा पुढे झाले आणि दोनदा मागे आले. सबंध वाटेत बसायला एक बाक नव्हता. शेवटी एका बंद दुकानाच्या पायरीवर ते टेकले.

या गोष्टींचे नियम नाहीत असे नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने पादचाऱ्यांसाठी २०१२ साली केलेल्या मार्गदर्शक सूचनांत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे अर्ध्या फुटापेक्षा अधिक नसावी, असे सांगितले आहे. २०२२ साली राज्य सरकारने ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास मोफत केला, ही चांगली गोष्ट झाली. पण बसची पहिली पायरी पूर्वी होती तेवढीच उंच आहे. तिकीट माफ झाले तरी पायरी माफ होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली वृद्धांना अनुकूल अशा शहरांविषयी एक मार्गदर्शिका काढली. त्यासाठी जगातल्या ३३ शहरांतील वृद्धांना प्रत्यक्ष विचारण्यात आले होते. त्यांत आपल्या देशातली दिल्ली आणि उदयपूर ही शहरे होती. देश वेगवेगळे, पण मागण्या मात्र साध्या आणि सारख्याच: बसायला बाक, चालायला सपाट वाट, स्वच्छ शौचालय, रस्ता ओलांडायला पुरेसा वेळ. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठीच्या पुढची माणसे १० कोटींहून अधिक होती. एवढ्या माणसांचे मागणे ते किती थोडे!

जखऱ्या संदेष्ट्याच्या आठव्या अध्यायाचा अभ्यास आम्ही सेमिनरीत केला होता. तेव्हा त्यातले एक दृश्य आम्ही सहज ओलांडून गेलो. बंदिवासातून परतलेल्या लोकांपुढे यरुशलेम भग्न पडले होते. अशा वेळी देव पुन्हा वसणाऱ्या नगराचे चित्र दाखवतो. त्यात वयोवृद्ध स्त्रीपुरुष हातात काठी घेऊन चौकात बसले आहेत आणि त्याच चौकात मुलेमुली खेळत आहेत. नगर खरोखर वसले याची ही खूण! आमच्या लहानपणी ही खूण आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. आळीच्या तोंडाशी असलेल्या क्रुसाच्या चौथऱ्यावर म्हातारी माणसे बसलेली असत, भोवती आम्ही पोरे खेळत असू आणि मे महिन्यात तेथेच सर्वांची रोझरी होई. पुढे आळीचा रस्ता झाला, चार नगरपालिका व अनेक गावे मिळून २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. नगर मोठे झाले, पण चौथरा वाहनांच्या गर्दीत सापडला.

महानगरपालिकेला आम्ही अर्ज केला आहे. पण त्याआधी आम्हांला आमच्याच दाराकडे पाहावे लागले. चर्चच्या तीन पायऱ्यांना कठडा नव्हता. उतरण करायची तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी. आमच्या दीड फुटांना अठरा फूट. दर्शनी भागाची शोभा जाईल, असा आक्षेप परिषदेत निघाला आणि वाद बराच चालला. अखेर बाजूच्या दारी उतरण झाली, पायऱ्यांना कठडा आला, त्याच दाराजवळ बिनपायरीचे स्वच्छतागृह बांधले, आणि फाटकापाशी दोन बाक ठेवले.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबांचा व वृद्धांचा जागतिक दिवस सुरू केला. तो जुलैच्या चौथ्या रविवारी येतो. त्या दिवशी आमच्या तरुणांनी मावशींना खुर्चीत बसवून, भर पावसात छत्री धरून, चार मजले खाली आणले. त्या बाजूच्या दाराने आत आल्या. मिस्सानंतर त्यांनी स्वतः मागून घेऊन दोन पेले पाणी प्यायले. आम्ही आनंदाने विचारले, "मावशी, आता दर महिन्याला आणू या ना?"

"नको फादर," त्या म्हणाल्या. "पोरं चांगली आहेत. पण मला उचलून नको. माझ्या पायांनी येता येईल तेव्हा येईन."

त्यांच्या सोसायटीत लिफ्टचा विषय निघतो आणि खालच्या मजल्यावरचे लोक खर्चाला नाही म्हणतात. त्यांतली काही घरे आमच्याच धर्मग्रामातली आहेत. तेथे आम्हांला जावे लागणार आहे.

यादी आम्ही पुन्हा लिहून काढली. आता तिच्यात दोन रकाने आहेत. पहिल्यात खरोखर आजारी असलेल्यांची नावे आणि दुसऱ्यात ज्यांना जिन्याने, रस्त्याने किंवा आमच्या हयगयीने घरी बसवले त्यांची. दुसरा रकाना अधिक लांब निघाला. मावशींचे नाव त्यात सर्वांत वर आहे.