सेफेरीहिसार : सुकून जपू पाहणारे शहर

तुर्कस्तान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इस्तंबूलच्या मशिदी, कोन्याचा हिरवा घुमट आणि अलीकडे घराघरांत पाहिल्या जाणाऱ्या मालिका उभ्या राहतात. सहलींच्या कंपन्याही तेच दाखवतात. आम्ही दोघे मात्र दिवाळीच्या सुट्टीत इझमिरला गेलो, कारण माझा भाचा तिथल्या विद्यापीठात शिकतो. त्याने पहिल्याच दिवशी बजावले, "खाला, बाकी काहीही बघा, पण रविवार सेफेरीहिसारसाठी राखून ठेवा."

सेफेरीहिसार हे इझमिरच्या नैर्ऋत्येला साधारण 45 किलोमीटरवर, एजियन समुद्राजवळचे तालुक्याचे गाव. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला या नावात 'सफर' आणि 'हिसार' दोन्ही ऐकू येतात. गावात शिरताना एक चित्र दिसते : केशरी रंगाची गोगलगाय आणि तिच्या पाठीवर इमारती. खाली तुर्कीत दोन शब्द, 'साकिन शेहिर'. तुर्कीत साकिन म्हणजे शांत. आपल्याकडे जुन्या कागदपत्रांत 'साकीन मौजे अमुक' असे लिहीत, तेव्हा त्याचा अर्थ होता रहिवासी. 'सुकून' हा शब्दही त्याच धातूचा. शांत असणे आणि एखाद्या जागेचे रहिवासी असणे, हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदतात. दिवसभर हे गाव पाहताना तो शब्द मनातून गेला नाही.

गोगलगायीचे हे चिन्ह आले इटलीतून. 1986 मध्ये रोमच्या एका ऐतिहासिक चौकाजवळ अमेरिकन बर्गरचे मोठे दुकान उघडले. कार्लो पेत्रिनी आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याला विरोध केला, तो दगडफेक करून नव्हे, तर लोकांना पास्ता वाढून. त्यातूनच 'स्लो फूड' ही चळवळ उभी राहिली आणि 1989 मध्ये पॅरिसला तिचा जाहीरनामा झाला. अन्न चांगले असावे, पिकवताना माती-पाण्याची नासाडी होऊ नये आणि पिकवणाऱ्याला रास्त दाम मिळावा, एवढे तिचे साधे म्हणणे. पुढे 1999 मध्ये ग्रेवे इन किआंती या गावाचे महापौर पाओलो सातुर्निनी यांनी विचारले की हे तत्त्व ताटापुरतेच का, अख्ख्या गावाला का लागू करू नये? ग्रेवे, ब्रा, ऑर्व्हिएतो आणि पोझितानो या चार गावांनी मिळून 'चित्तास्लो' म्हणजे संथ शहरांचे जाळे सुरू केले. सभासद होण्यासाठी गावाची लोकसंख्या 50,000 च्या आत असावी लागते. शिवाय पाणी, कचरा, रस्ते, स्थानिक शेती, हस्तकला, पाहुणचार अशा सत्तरच्या आसपास कसोट्यांवर ते तपासले जाते. तुर्कस्तानातून सर्वांत आधी, 2009 मध्ये, सेफेरीहिसार या कसोट्यांना उतरले. तेव्हा तुंच सोयेर हे तिथले महापौर होते. त्यानंतर गोक्चेआदा बेट, आक्याका, ताराक्ली, हाल्फेती अशी कितीतरी तुर्की गावे या जाळ्यात आली.

संथ शहर म्हणजे आळशी शहर, असा माझा होरा नव्हता. पण बाजार पाहीपर्यंत त्याचा नेमका अर्थही ध्यानात आला नव्हता. हा बाजार भरतो सिआजिकमध्ये. सिआजिक हे सेफेरीहिसारचेच बंदर, पाचेक किलोमीटरवर. तिथे जायला आम्ही 'दोल्मुश' धरली. दोल्मुश म्हणजे 'भरलेली'. गाडी भरली की सुटते. आपल्याकडची वडाप म्हणा ना! भरल्या भाजीला तुर्कीत 'दोल्मा' म्हणतात, तोही याच घराण्यातला शब्द.

सिआजिकला सोळाव्या शतकातला उस्मानी किल्ला आहे. आपल्याकडचे बरेचसे जलदुर्ग आता ओस पडले आहेत. इथे तटाच्या आत अजून लोक राहतात. चुन्याने रंगवलेली बैठी घरे, दोन माणसे जेमतेम शेजारून जातील अशा गल्ल्या, दारावर चढलेले वेल. दर रविवारी या गल्ल्यांचाच बाजार होतो. नियम असा की विकणारा इथलाच असावा आणि माल त्याने स्वतः पिकवलेला किंवा घरी केलेला असावा. घाऊक बाजारातून गोण्या आणून इथे मांडता येत नाहीत. म्हणून बाया आपल्याच उंबऱ्यापुढे टेबल मांडतात, त्यावर धुवट चादर घालतात आणि मागच्या स्वयंपाकघरातून एकेक जिन्नस बाहेर येत राहतो.

काय काय होते! द्राक्षाच्या पानांत भात भरून केलेल्या करंगळीएवढ्या गुंडाळ्या. उलट्या तव्यावर भाजलेली, आत पालेभाजी किंवा चीज घातलेली पातळ पोळी, म्हणजे गोझलेमे. काबुली चणे भरलेले मांती. शेळीच्या दुधाचे दही आणि चीज एकत्र करून केलेला 'आर्मोला', जो याच भागाची खासियत. संत्र्याच्या जातीच्या मांदालिना फळाचा मुरंबा. ऑलिव्हचे तेल आणि त्याच तेलाचा साबण. त्याला तेही 'साबुन'च म्हणतात. एका टेबलावर घरी कापलेल्या शेवयांसारख्या पट्ट्या होत्या, नाव 'एरिश्ते'. हा फारसीतला रिश्ता, म्हणजे धागा. नात्याला आपण रिश्ता म्हणतो, तोही धागाच. शेजारी 'तार्हाना' होता. गव्हाचे पीठ, दही, टोमॅटो, मिरची एकत्र मळून आंबवतात, उन्हात वाळवून चुरतात आणि हिवाळाभर त्याचे सूप करतात. मला आमच्या अंगणातले वाळवण आठवले : कुरडया, सांडगे आणि कावळे हाकायला बसवलेली मुले.

ह्यांनी सवयीने ताजे टोमॅटो विचारले. साठीच्या घरातली बाई हसून म्हणाली, "नाही. मोसम संपला." मग तिने वाळवलेल्या टोमॅटोंची माळ दाखवली. भाच्याच्या मदतीने मी तिच्याशी बोलत बसले. नवरा मासेमारी करायचा, आता थकलाय. पूर्वी घरात येणारा प्रत्येक पैसा नवऱ्याच्या हातून यायचा. बाजार सुरू झाल्यावर सुरुवातीला तिला उंबऱ्यावर बसून विकायची लाज वाटली. "माझा मुरंबा कोण विकत घेणार, असं वाटायचं. तो तर सगळ्यांच्या घरी असतो." आता रविवारच्या पैशांतून नातीच्या शिक्षणाला हातभार लागतो. मी एक बरणी घेतली तेव्हा तिने मला 'आब्ला' म्हटले, म्हणजे आपा. निघताना 'बेरेकेत' म्हणाली. या शब्दाचे भाषांतर भाच्याला करावे लागले नाही.

दुसरी गोष्ट बियाण्याची. तुर्कीत बियाण्याला 'तोहुम' म्हणतात. हा आपला तुख्म. सरबतात घालतो त्या तुखमलंगातला. तुर्कस्तानात 2006 मध्ये बियाण्यांचा कायदा झाला. त्यानुसार नोंदणी झालेल्या वाणांचेच बियाणे बाजारात विकता येते. शेतकऱ्याच्या घरातले, आजीच्या मडक्यातले वाण नोंदलेले नसते, म्हणून ते विकता येत नाही. शेतकऱ्यांनी आपापसांत बिनव्यापारी देवाणघेवाण मात्र करावी. सेफेरीहिसारने हीच वाट धरली. बियाणे अदलाबदलीचे मेळावे भरवले : पैसे नकोत, बी आणा आणि बी न्या. नगरपालिकेने बीज-केंद्र काढले. काराकिलचिक नावाचा, काळ्या कुसळांचा जुना गहू जवळजवळ शेतांतून गेला होता. त्याचे थोडे बियाणे मिळवून ते वर्षानुवर्षे वाढवत नेले आणि त्याच्या पिठाचा पाव पुन्हा विक्रीला आला. तो किंचित आंबूस आणि दाट असतो. दोन काप खाल्ले की पोट भरते.

हे वाचून कोणाला वाटेल की हे तर स्वप्नातले गाव. तसे नाही. परतताना दोल्मुशच्या खिडकीतून मांदालिनाच्या बागा दिसत होत्या. फळ नारिंगी होऊ लागलेले, आणि मधूनच एक बाग तोडून उभ्या राहिलेल्या नव्या पांढऱ्या बंगल्यांची रांग. शेजारी बसलेल्या बागायतदाराने सांगितले की व्यापारी देतो त्या भावात कधी कधी तोडणीची मजुरीही सुटत नाही, फळ झाडावरच राहते. तेवढ्याच जागेला बंगला बांधणारा मात्र तोंड मागेल ती किंमत देतो. ह्यांच्या घरी हापूसची बाग आहे. त्यांना हे समजावून सांगावे लागले नाही.

गोगलगायीचे चिन्ह मिळाले, गावाचे नाव झाले, इझमिर-इस्तंबूलचे लोक शनिवार-रविवारी येऊ लागले. काहींना गाव इतके आवडले की त्यांनी घरेच घेतली. 2009 मध्ये लोकसंख्या जेमतेम 30,000 च्या घरात होती. आज ती 50,000 च्या पुढे गेली आहे. ज्या संथपणासाठी लोक येतात, तोच त्यांच्या येण्याने आटतो. बाजारातही गर्दी एवढी की दुपारनंतर गल्लीतून चालता येत नव्हते. तटाच्या आतल्या काही घरांची छोटी हॉटेले झाली आहेत. उंबऱ्यावर बसणारी बाई घर विकून गेली, तर नियम पाळायला उरणार कोण? साकिनचा एक अर्थ गेला की दुसराही जातो, तो असा.

तरीही मला तो नियम मोलाचा वाटला. त्याला ना परदेशी पैसा लागतो, ना यंत्र. 'जे इथे पिकले, जे तू केलेस, ते तू विक' एवढेच. त्या एका वाक्याने शेकडो बायांच्या हाताला किंमत आली. आपल्याकडे आठवडी बाजार पिढ्यान्‌पिढ्या भरतात. आपल्याला इटलीकडून काही आणायचे नाही. पण आज त्या बाजारात फिरून पाहा. रानभाजीची वाटी घेऊन बसलेली आदिवासी बाई एका कोपऱ्यात आणि बाकी सगळीकडे मार्केट यार्डातून आलेली तीच फ्लॉवर-सिमला मिरची. आपल्या मोहल्ल्यांतल्या किती बहिणी शेवया, पापड, लोणची करून किलोच्या मजुरीवर ठेकेदाराला देतात! पाकिटावर नाव छापले जाते त्याचे, तिचे नाही.

बियाण्यांच्या बाबतीत तर आपला कायदा शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. 2001 च्या कायद्यानुसार शेतकरी आपले बियाणे राखू शकतो, वाटू शकतो, आणि ब्रँडचे नाव न लावता विकूही शकतो. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता देशी बियाण्यांची बँक उभारली आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे वाट मोकळी आहे, चालणारे हवेत.

आमच्या शाळेत दर डिसेंबरात बालआनंद मेळावा असतो. मुले स्टॉल मांडतात, पालक खरेदी करतात. गेली काही वर्षे त्यात झटपट नूडल्स, पाकिटातले वेफर्स आणि रंगीत सरबतेच जास्त. यंदा मी मुख्याध्यापकांपुढे एकच नियम ठेवला : पदार्थ घरी केलेला असावा आणि त्यातला मुख्य जिन्नस आपल्या तालुक्यात पिकलेला असावा. शिवाय स्टॉलवर पदार्थ करणाऱ्या आईचे किंवा दादीचे नाव मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावे. सर तयार झाले. काही पालकांनी कुरकूर केली, "टीचर, असलं कोण विकत घेणार?" सिआजिकच्या उंबऱ्यावर ऐकलेलेच वाक्य!

आता रोज संध्याकाळी फोन येतात. नाचणीचे घावन चालतील का? कोकमाचे सरबत, पण साखर तर कारखान्याची, मग? एका मुलाची दादी सत्तरीची आहे. ती विचारत होती, कुळथाची पिठी करायची तर बी घरचेच आहे, पण नाव खरेच लिहिणार का? मी सांगितले, लिहिणार. मोठ्या अक्षरात.