जुन्या खेळाची डागडुजी

कौले फुटली म्हणून कोणी घर टाकून देत नाही. पावसाळ्यापूर्वी शिडी लावावी, फुटकी कौले उतरवावीत, त्यांच्या जागी नवी बसवावीत, आणि जमल्यास एखादे काचेचे कौल घालून माजघरात थोडा उजेड घ्यावा, ही आपल्या गावाकडची रीत. हाच न्याय संगणकावरील एका जुन्या खेळालाही लागू पडतो असे आम्ही म्हटले, तर वाचक किंचित हसतील; आणि धर्मगुरूने खेळाविषयी लिहावे याचे काहींना नवल वाटेल ते वेगळेच. तथापि गेल्या मे महिन्यात आम्ही या खटाटोपात तीन आठवडे घालवले. त्यात आमच्या हातून एक मोठी चूक घडली, आणि ती निस्तरता निस्तरता दुरुस्ती म्हणजे काय याविषयी दोन गोष्टी कळल्या. त्या सांगाव्यात म्हणून हा प्रपंच.

खेळाचे नाव ‘मॉरोविंड’. बेथेस्डा या अमेरिकन कंपनीने तो 2002 साली प्रसिद्ध केला. खेळणाऱ्याने एखाद्या पात्राची भूमिका घ्यावी आणि त्या पात्राच्या पायांनी एका काल्पनिक जगात हिंडावे, अशा जातीचा हा खेळ. व्हार्डनफेल नावाचे एक बेट आहे; त्याच्या मधोमध एक जळता पर्वत आहे. आपण कैदी म्हणून जहाजातून तेथे येतो, सेडा नीन नावाच्या लहानशा बंदरावर उतरतो, आणि मग मोकळे होतो. पुढे कोठे जावे हे दाखवणारा बाण पडद्यावर नसतो. वाटेत भेटेल त्याला विचारावे, तो सांगेल ती खूण ध्यानात ठेवावी, ‘अमुक पुलापासून डावीकडे, तमुक टेकडीला वळसा’ असे रोजनिशीत उतरलेले वाचावे, आणि चालू लागावे. चुकलात तर चुकलात.

2003 सालच्या मे महिन्यात आम्ही सेमिनरीतून सुटीला घरी आलो, तेव्हा आमच्या धाकट्या भावाने साठवलेल्या पैशांतून संगणक जुळवून घेतला होता आणि हा खेळही आणला होता. खेळात मजकूर अफाट. कित्येक पात्रे बोलतात ती लेखी. शिवाय फडताळांतून ठेवलेले ग्रंथ उघडून वाचता येतात. भावाचे इंग्रजी बेताचेच. तेव्हा कामाची वाटणी अशी झाली: चालायचे त्याने, वाचून मराठीत सांगायचे आम्ही. रात्रीची जेवणे आटोपली, आई निजली, की आम्ही दोघे त्या बेटावर उतरत असू. सुटी संपली तेव्हा आमचा नायक बालमोरा शहरात नदीकाठी उभा होता. पूर्वेकडील डोंगरात आर्कंगथँड नावाचे भग्न नगर आहे. एकाएकी नाहीशा झालेल्या ड्वेमर लोकांनी ते बांधलेले. तेथून एक लहानशी कोड्याची पेटी शोधून आणण्याचे काम आमच्याकडे होते. दोनदा जाऊन आलो, पेटी मिळाली नाही. पुढच्या सुटीपर्यंत भाऊ नोकरीच्या शोधात लागला होता, आणि त्यानंतर तो कुवेतला गेला. तो आजही तेथेच आहे.

त्याचा मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. बापाची आणि त्याची भेट दोन वर्षांतून एकदा, महिनाभर. एरवी दर शुक्रवारी फोनवर, तेही ‘जेवलास का, अभ्यास कसा चाललाय’ याच्यापुढे क्वचितच जाणारे. सुटीत तो आमच्याकडे राहायला आला असता बोलता बोलता आम्ही त्या अपुऱ्या खेळाची हकिकत सांगितली. त्याने विचारले, “फादरकाका, पप्पांचा तो माणूस अजून तिथंच उभा आहे का?” होता. भावाने जाताना खेळाची नोंद, म्हणजे जतन केलेली फाइल, आमच्या हवाली केली होती. ती पुढे पेनड्राइव्हवर आली होती. “मग मी पुढे खेळतो,” मुलगा म्हणाला.

आमच्या मनात आले, आजच्या मुलापुढे बावीस वर्षांपूर्वीची ती ओबडधोबड चित्रे कशी ठेवावीत? माणसांचे चेहरे लाकडी, हातांचे जोड उघडे, चार पावलांपलीकडे सारे धुके. तेव्हा आधी खेळ सुधारावा आणि मग मुलाच्या हाती द्यावा असे आम्ही ठरवले.

अशा सुधारणांना ‘मॉड’ म्हणतात. मूळ खेळाच्या फाइलींत न मिसळता त्यांच्यावर बसवलेली ती जोडणी असते. कंपनीने खेळाबरोबरच तो घडवण्याचे साधनही ग्राहकांना दिले होते. त्यामुळे पहिल्या वर्षापासूनच लोक त्यात भर घालू लागले. 2002 अखेर ‘ट्रायब्यूनल’ आणि 2003 साली ‘ब्लडमून’ असे दोन विस्तार कंपनीने काढले. पुढे तिचे लक्ष नव्या खेळांकडे वळले. परंतु खेळणाऱ्यांनी हात आखडता घेतला नाही. कोणी ‘मॉरोविंड कोड पॅच’ तयार करून खेळाच्या मूळ आज्ञावलीतील दोष दूर केले, आणि त्यातही कोणता दोष काढावा व कोणता राहू द्यावा याची निवड खेळणाऱ्यावर सोपवली. कोणी ‘पॅच फॉर प्युरिस्ट्स’ या नावाने संवादांतील व कामगिऱ्यांतील असंख्य बारीक चुका सुधारल्या. 2008 साली सुरू झालेल्या ‘ओपनएमडब्ल्यू’ या उपक्रमात तर खेळाचे इंजिनच पहिल्या ओळीपासून नव्याने लिहिले गेले. ‘टॅमरिएल रीबिल्ट’ नावाची मंडळी 2001 पासून, म्हणजे खेळ बाजारात येण्याच्याही आधीपासून, बेटापलीकडील मुख्य भूमी गावागावाने उभारीत आली आहेत. हे सारे विनामूल्य. प्रत्येक मॉडसोबत एक लहानसे टिपण असते. त्यात कोणाचे चित्र घेतले, कोणाची परवानगी मिळाली, कोणाचे आभार, हे लिहिलेले आढळते. आपण नावही न ऐकलेली माणसे एका जुन्या वस्तूसाठी इतकी वर्षे राबतात, हे पाहून आम्हांला कौतुक वाटले.

कौतुक वाटले, परंतु ती टिपणे आम्ही वाचली नाहीत. आणि चूक झाली ती येथेच. एका रात्रीत तीसहून अधिक मॉड उतरवून घेतले. नवे चेहरे, नवी वस्त्रे, नवे आकाश, बालमोरात झाडे, बालमोरात नवी घरे. सारे एकदम बसवले, भावाची नोंद उघडली, आणि कौतुकाच्या भरात तिच्याच नावावर पुन्हा जतन केली. सकाळी मुलाला बोलावून पाहतो तो काय? एका घराच्या भिंतीतून झाड उगवलेले, एका दुकानाचे दार फांद्यांनी अडलेले, आणि आमचा नायक कमरेपर्यंत दगडात रुतलेला. दोन पावले टाकण्याचा प्रयत्न करताच खेळ बंद पडला.

कारण पुढे समजले. चर्चच्या दाराशी असलेल्या सूचनाफलकावर एकाच जागी दोन कागद डकवले, तर नंतरचा आधीच्याला झाकतो. मॉडचेही तसेच. दोघांनी एकाच वस्तूत बदल केला, तर शेवटी वाचला जाणारा टिकतो. आणि दोघांनी एकाच जागेवर वेगवेगळ्या वस्तू मांडल्या, तर त्या एकमेकींत घुसतात. म्हणून क्रम लावावा लागतो, आणि कोणाचे कोणाशी पटत नाही हे त्या टिपणांत लिहिलेले असते. शिवाय कोणते मॉड वापरात होते याची नोंद जतन केलेल्या फाइलीतही उतरते. नंतर मॉड काढून टाकले तरी तिच्यावरचे वळ राहतात. आम्ही सगळे मॉड काढले. भावाची नोंद पूर्ववत झाली नाही. दुसरी प्रत नव्हती.

मुलगा काही बोलला नाही. “असू दे, काका,” एवढेच म्हणाला, आणि अंगणात गेला. त्याने तक्रार केली असती तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी गेलो. आईने भावाचा जुना संगणक माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवला होता. तिला तो भंगारात घालवेना. त्यातील हार्ड डिस्क रुंद फितीसारख्या तारेने जोडायची, आजच्या यंत्राला ती लागेना. बेळगावातील एका कारागिराने मधला जोड लावून दिला. डिस्क फिरली, थोडी कुरकुरली, आणि उघडली. नोंद तेथे होती. आम्ही तत्काळ तिच्या तीन प्रती केल्या. एक आईच्या कपाटात ठेवली.

त्यानंतरचे काम सावकाश झाले. एक मॉड बसवावा, त्याचे टिपण शेवटपर्यंत वाचावे, खेळ उघडून पाहावा, मग दुसरा. प्रत्येक वेळी मुलगा शेजारी बसे, आणि प्रत्येक वेळी आम्हांला स्वतःला विचारावे लागे, हा दोष आहे की स्वभाव आहे? काही प्रश्न सोपे होते. खेळ मध्येच बंद पडणे हा दोष, काढला. वाट सांगणाऱ्याने पूर्व म्हणावे आणि जागा पश्चिमेला असावी हाही दोष, काढला. मोठ्या पडद्यावर अक्षरे मुंगीएवढी दिसत. ‘एमजीई एक्सई’ या मॉडने ती मोठी करता येतात, आणि चाळिशीच्या चष्म्याला त्याची गरज होतीच.

काही प्रश्न मात्र अवघड निघाले. तलवार खेकड्याच्या अंगातून आरपार गेलेली दिसते, तरी त्याला जखम होत नाही. मुलाला हे हास्यास्पद वाटले. वस्तुतः खेळ आतल्या आत फासा टाकत असतो. शस्त्राचा सराव किती, दम किती उरला आहे, यावर वार लागणे अवलंबून. धावत धावत दमून भिडाल तर हात हवेत जाईल. प्रत्येक वार लागावा असा मॉड मिळतो. आम्ही मुलाला म्हटले, आधी न धावता जाऊन पाहा. त्याने पाहिले; पाच वारांत तीन लागले. तो मॉड मग त्यानेच नको म्हटला.

सर्वांत अवघड प्रश्न धुक्याचा. 2002 सालच्या यंत्रांना दूरचा देखावा रेखाटण्याची ताकद नव्हती. म्हणून कर्त्यांनी दृष्टी आखूड ठेवली आणि तिच्या कडेला धुके पसरले. म्हणजे जन्माने तो दोषच. ‘एमजीई एक्सई’ने धुके हटवता येते. आम्ही हटवले, आणि टेकडीवर चढलो. काय तो देखावा! समुद्र, मनोरे, दूरवर जळता पर्वत. पण क्षणभराने मन खट्टू झाले. जे गाव गाठायला भावाला आणि आम्हांला अर्धी रात्र लागली होती, ते शेजारच्या वाडीइतके जवळ निघाले. ज्या बेटावर आम्ही महिनाभर वाटा चुकलो, ते एका दृष्टिक्षेपात मावत होते. बेट मोठे होते ते धुक्यामुळे. आणि वाट विचारावी लागे तीही धुक्यामुळेच. पलीकडचे सारे दिसू लागले, तर ‘पुलापासून डावीकडे’ हे वाचून सांगणाऱ्याचे काय काम?

आम्ही मुलाला दोन्ही दाखवले. तो बराच वेळ पाहत राहिला, मग म्हणाला, “पप्पांनी कसं पाहिलं होतं?”

“धुक्यात.”

“मग तसंच ठेवा.”

एकूण नऊ मॉड राहिले. नवे चेहरे गेले, झाडेही गेली. कोणी असेही म्हणेल की एवढ्या खटाटोपानंतर खेळ होता तसाच राहिला. तसे नव्हे. आता तो कोसळत नव्हता, खोटी वाट सांगत नव्हता, आणि वाचता येत होता. नव्यानेच सुरुवात करणाऱ्याने सारे बेट हवे तसे नटवावे. त्यालाही आमची ना नाही. आमच्याकडे कोणीतरी आधीपासून उभा होता, म्हणून आमची गोष्ट वेगळी.

शुक्रवारी कुवेतहून फोन आला, तेव्हा मुलाने फोन पडद्यासमोर धरला. पलीकडे काही क्षण शांतता. मग भाऊ म्हणाला, “दादा, हे बालमोरा ना?” आणि लगेच, आम्हांला बाजूला सारून, मुलाला सांगू लागला, “दक्षिणेकडनं बाहेर पड. नदी ओलांड. मूनमॉथचा किल्ला लागेल, त्याच्यापुढे जुना पूल. पलीकडं चढ आहे. दार दिसेल, पण ते ढकलून उघडत नाही. बाजूला नळावर एक चाक आहे, ते फिरव.” बावीस वर्षांत तो एकही खूण विसरला नव्हता. मुलगा धुक्यात चालत होता आणि विचारत होता, “आता, पप्पा?” पाऊण तास हे चालले. अभ्यासाची विचारणा त्या दिवशी झाली नाही.

पेटी सापडली. ती एका दालनातल्या फळीवर, इतर भांड्याकुंड्यांत ठेवली होती. इतकी लहान की भावाच्या आणि आमच्या नजरेतून दोनदा निसटली होती. मुलाला ती दिसली.

त्यानंतर त्याने खेळ जतन केला. बापाच्या नोंदीवर केला नाही. तिच्याखाली नवी नोंद घेतली, आणि तिची प्रत केली का, हे आम्हांला विचारून घेतले.