सुगंधाला सोबत हवी

गवताला वास असतो, हे शहरातून येणाऱ्या पाहुण्यांना मला दर वर्षी नव्याने पटवून द्यावे लागते. फुलांना वास असतो हे त्यांना मान्य असते. पण गवत म्हणजे त्यांच्या लेखी गुरांचे खाद्य, फार तर बागेतली हिरवळ. मी वाद घालीत नाही. चिंचपाड्याच्या स्टेशनावर त्यांना उतरवून घेतो, चहा पाजतो आणि डोंगराच्या उताराकडे फिरायला नेतो. दिवाळी तोंडावर आलेली असते, पाऊस उघडलेला असतो आणि रोशा गवत फुलोऱ्यावर आलेले असते. त्याचे चार तुरे तळहातावर चुरडून मी पाहुण्यांच्या नाकाशी धरतो. "अहो, हा तर गुलाब!" असे उद्गार निघाले, की माझे काम झाले.

पाहुण्यांचे नाक चुकत नाही. रोशाच्या तेलात जिरॅनिऑल नावाचे द्रव्य असते, सुमारे तीन-चतुर्थांश ते त्याहूनही अधिक. आणि तेच द्रव्य गुलाबाच्या अत्तरातही असते. या साम्यावर एके काळी मोठा व्यापार चालला. 1880 सालच्या खानदेशच्या गॅझेटियरात या तेलाची नोंद आहे. आमच्या डोंगरांतले रोशेल तेल मुंबईहून तांबड्या समुद्रातल्या बंदरांकडे जाई आणि तेथून इस्तंबूलला. तेथे लिंबाच्या रसाने ते निवळीत, उन्हात ठेवून त्याचा रंग उडवीत आणि बल्गेरियातल्या गुलाबाच्या अत्तरात बेमालूम मिसळीत. युरोपातल्या गिऱ्हाइकांना तर हे तेल तुर्कस्तानातच निघते असे वाटे, म्हणून त्याला 'तुर्की जिरॅनियम तेल' असे नाव पडले होते. खानदेशातल्या भिल्लाने कापलेले गवत परदेशी राण्यांच्या रुमालावर गुलाब म्हणून मिरवीत होते, आणि कापणाऱ्याला त्याची वार्ताही नव्हती!

मी येथे मास्तर म्हणून आलो तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता. तो 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्या सुरुवातीच्या काळात एका पाड्यावरच्या म्हाताऱ्याने मला भट्टीची हकीकत सांगितली. त्याचा बाप भट्टीवर राबलेला. नाल्याच्या काठी मोठी कढई मांडायची, तीत गवत आणि पाणी घालून तोंड घट्ट लिंपायचे, बांबूच्या नळीतून वाफ बाहेर काढायची आणि वाहत्या पाण्यात बुडवलेल्या भांड्यात ती थंड करायची. वाफेचे पाणी होई आणि पाण्यावर तेलाचा पातळसा तवंग येई. "केवढे तेल निघायचे, बाबा?" मी विचारले. म्हाताऱ्याने बोटाचे पेर दाखवले आणि हसला. "गुरुजी, गवत डोंगराएवढं, तेल एवढं!"

त्या पेराचा हिशेब मी पुढे केला. शंभर किलो ताज्या गवतातून पाव ते अर्धा किलो तेल निघते. म्हणजे दहा मिलिलिटरच्या इवल्याशा बाटलीत दोन-चार किलो गवत बसलेले असते. गुलाबाची गोष्ट तर याहून नाजूक. एक किलो अत्तराला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. बाटलीतला थेंब म्हणजे फुलाचा वास नव्हे. तो फुलांच्या ढिगाचा अर्क. हे एवढे ध्यानात राहिले, की पुढचे सारे शहाणपण आपोआप सुचते.

हे शहाणपण आमच्या घरी उपयोगी पडले ते गेल्या दिवाळीत. सूनबाई पुण्याहून आली ती लाकडी पेटी घेऊन. पेटीत बारा बाटल्या: लव्हेंडर, निलगिरी, पुदिना, लवंग, संत्रे आणि आमचे रोशाही, 'पामरोझा' हे परदेशी नाव धारण करून. "बाबा, याला अरोमाथेरपी म्हणतात," ती म्हणाली. हा शब्द रने-मोरिस गॅतफोसे नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने रूढ केला. 1937 साली त्याने त्या नावाचे पुस्तकच लिहिले. आमच्या सौ.नी पेटीकडे पाहिले आणि आपला जुना कापूर काढला. दोघींच्या मध्ये आठ महिन्यांचा नातू, नाक चोंदलेला, कुरकुरणारा. एकीला त्याच्या नाकाखाली पुदिन्याचा थेंब लावायचा होता, दुसरीला कापराचे तेल छातीला चोळायचे होते. दोघींचे प्रेम खरे आणि दोघींचा एकमेकींच्या उपायावर अविश्वास, तोही तितकाच खरा.

मी दोघींनाही थांबवले. माझ्या डोळ्यांपुढे शेजारचे दोन वर्षांचे पोर उभे राहिले. चार वर्षांपूर्वी त्याने फळीवरची निलगिरीची बाटली तोंडाला लावली होती. चमचाभर तेल पोटात गेले असेल नसेल. थोड्याच वेळात पोर गुंगीत गेले, मग झटके येऊ लागले. मोटारसायकलवर मधे धरून त्याला दवाखान्यात नेले. त्याच्या आजीने घशात बोट घालून ओकारी काढायचे म्हटले होते. डॉक्टरांनी सांगितले, तसे केले नाही हे फार बरे झाले, ओकताना तेल फुप्फुसात शिरते. दोन रात्री आम्ही व्हरांड्यात काढल्या. पोर वाचले. आता ते शाळेत जाते आणि घरावरून जाताना मला सलाम ठोकते.

त्या दोन रात्रींत डॉक्टरांशी झालेले बोलणे मी सूनबाईला आणि सौ.ना सांगितले. कापराचा एखादा ग्रॅम पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. पुदिन्याचा किंवा कापराचा उग्र वास तान्ह्या मुलाच्या नाकाशी नेला तर त्याचा श्वासच अडखळू शकतो; म्हणून दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या नाकातोंडाजवळ ही तेले नेऊच नयेत. सांधेदुखीवर चोळायच्या गंधपुऱ्याच्या म्हणजे विंटरग्रीनच्या तेलाचा एक चमचा म्हणजे वीस-एक ॲस्पिरिनच्या गोळ्या. नातवाच्या नाकात मग मिठाच्या पाण्याचे दोन थेंब गेले, तेही औषधाच्या दुकानातून आणलेले, आणि तो गाढ झोपला. दोन्ही पक्ष हरले, त्यामुळे घरात शांतता नांदली.

पण म्हणून पेटी फेकून द्यावी असे मी म्हणणार नाही. लव्हेंडरच्या वासाने काही माणसांचे मन थोडे निवते, असे आढळले आहे. रोशेल तेल दुसऱ्या तेलात मिसळून दुखऱ्या कमरेला चोळण्याची रीत जुनी आहे. डासही त्याला बिचकतात. मात्र त्याने मधुमेह जाईल, दमा जाईल असे कुणी सांगू लागला, तर त्याला नमस्कार करून वाटेला लावावे. दम्याच्या माणसाला उलट उग्र वासाने धाप लागण्याची भीती असते. जिरॅनिऑल काहींच्या अंगावर पुरळ उठवते; म्हणून युरोपात साबणा-अत्तराच्या वेष्टनावर त्याचे नाव छापावे लागते. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला मिसळलेल्या तेलाचा ठिपका लावून एक दिवस वाट पाहावी. गर्भवतीने डॉक्टरांना विचारल्याखेरीज वापरू नये. प्यायचे तर मुळीच नाही. आणि दिवाळीत हे विशेष सांगायला हवे, की ही तेले पेट घेतात. बाटली पणतीपासून दूर आणि मुलांच्या हातापासून उंच, कुलपात असावी.

प्रमाण? मोठ्या माणसासाठी तीस मिलिलिटर तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात बारा थेंब. म्हणजे शेकडा दोन. चेहऱ्याला त्याच्या निम्मे. हे ऐकून सौ. म्हणाल्या, "एवढंच? मग हे आमच्या उटण्यासारखंच झालं की!"

मला वाटते, सगळ्या चर्चेत नेमके तेवढेच वाक्य लाख मोलाचे होते. आपल्या घरांतला सुगंध कधी एकटा आलाच नाही. नागरमोथा, वाळा, कचोरा उटण्यात येतात ते पिठाच्या संगतीने. अभ्यंगाचा वास येतो तो वाटीभर तेलाच्या अंगाने. वाळा माठात बसतो तो घागरभर पाण्यात. रोशाचा वाससुद्धा गवतातून बाहेर पडतो तो वाफेचा हात धरून. नव्या बाटलीने ही सोबत तेवढी काढून टाकली आहे. ती आपण परत द्यायची, एवढेच.

यंदा सूनबाईने पहाटेच्या अभ्यंगाला वाटीभर तिळाचे तेल कोमट केले, गार होऊ दिले आणि त्यात मोजून रोशाचे थेंब टाकले. मोजताना ती मोठ्याने आकडे म्हणत होती आणि सौ. शेजारी बसून ते तपासत होत्या. नातवाची वाटी मात्र वेगळी होती. तिच्यात नुसते खोबरेल होते.