कोपऱ्यावरच्या दुकानातली केळी

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे लखलखीत सुपरमार्केटंच येतात. तुमची बहीण, भाची तिकडे असेल तर फोटोही तसलेच येतात. पण मैत्रिणींनो, कधी फिलाडेल्फियाला जाणं झालंच, तर लिबर्टी बेल पाहून झाल्यावर ब्रॉड स्ट्रीटच्या भुयारी गाडीने थोडं उत्तरेकडे जा. एकमेकींना खेटून उभी असलेली विटांची जुनी घरं दिसतील. इथल्या कितीतरी घरांना मोठं दुकान लांब पडतं. मोटार नसली की मूल कडेवर, पिशव्या हातात आणि बसची वाट पाहणं. अशा घरात ताजी भाजी रोज कुठून यायची?

मग आधार कोपऱ्यावरच्या दुकानाचा. आपल्या वाण्याचाच भाऊ म्हणा ना! स्पॅनिश बोलणाऱ्या वस्तीत त्याला 'बोडेगा' म्हणतात. बऱ्याच ठिकाणी मालक जाड पारदर्शक प्लास्टिकच्या आड बसलेला, आणि समोर वेफर्स, गोळ्या, रंगीत पेयं. चौथी ते सहावीतली इथली मुलं शाळेला जाता-येता एका खेपेत सरासरी १ डॉलर ७ सेंटमध्ये साडेतीनशेहून जास्त उष्मांकांचा खाऊ घेतात, असं २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळलं. म्हणजे आपल्या तीनेक पोळ्या, पण पोषण कसलं?

दुकानदाराला नावं ठेवणं सोपं आहे हो. ठोक बाजारातून फळांचं अख्खं खोकं आणायचं, निम्मं सडलं तर नुकसान त्याचंच. हे ओळखून 'फूड ट्रस्ट' या तिथल्या संस्थेने २००४ सालापासून अशा दुकानांना हाताशी धरलं. छोटा फ्रीज, मांडण्या, माल टिकवायचा कसा याचं शिक्षण. पुढे सहाशेहून अधिक दुकानं यात आली. २००९ साली गरोदर बायका आणि लहान मुलांसाठीच्या सरकारी योजनेत फळं-भाज्याही मिळू लागल्या. ही योजना चालवणाऱ्या दुकानांना त्या ठेवणं भागच पडलं, आणि गिऱ्हाईकही बांधलेलं मिळालं.

फळं आली म्हणून मुलांनी वेफर्स सोडले, असं मात्र समजू नका. जवळ नवं सुपरमार्केट उघडूनही शेजाऱ्यांचं फळं-भाज्या खाणं विशेष वाढलं नाही, असं याच शहरातल्या २०१४ सालच्या अभ्यासात दिसलं. जिभेची सवय बाई, ती काय एका दिवसात जाते?

तरी आत डोकवाच. तळायची लांब हिरवी केळी दिसतील, अगदी आपल्या राजेळीची भावंडं! कोथिंबीर असेल, घेवड्याचे नाना प्रकार असतील. आणि पिकलेली केळी कुठे ठेवलीत तेही बघा. मागच्या कोपऱ्यात असली तर पडूनच राहतात. गल्ल्यापाशी, पोराचा हात पोचेल अशी ठेवली, तर एखादं तरी उचललं जातं.