कपाट ढकलताना

प्रिय सोन्या,

तुझा प्रश्न ताईनं कळवला. लोखंडी कपाट तू जोर लावून ढकलतेस, ते एकाच वेगानं सरकतं. वेग बदलत नाही, म्हणजे त्वरण शून्य. मग बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, या हिशेबानं बलही शून्य यायला हवं. पण हात तर भरून येतात! शाब्बास. नववीत हा प्रश्न पडणं हे गतीचे नियम पाठ असण्यापेक्षा मोलाचं आहे.

सूत्रातलं बल हे एकट्या तुझं नव्हे. कपाटावर लागणाऱ्या सगळ्या बलांची दिशेसकट केलेली ती बेरीज आहे. समज, कपाट 40 किलोग्रॅमचं आणि ते सरकताना फरशीचं घर्षण 80 न्यूटन. तू 100 न्यूटन लावलेस, तर उरले 20. त्यांना 40 नं भाग, त्वरण 0.5 मीटर प्रति सेकंद वर्ग. कपाटानं वेग घेतल्यावर जोर 80 वर आणलास की बेरीज शून्य होते. त्वरण संपतं, वेग मात्र राहतो. तुझे हात दुखतात ते घर्षणाची बरोबरी करण्यात. हात काढून घेतलेस तर एकटं घर्षण उरतं, तेही उलट दिशेनं, म्हणून कपाट लगेच थांबतं.

पृथ्वीवर घर्षण कुठंही पाठ सोडत नाही. त्यामुळेच गती टिकवायला बल लागतं, असं ॲरिस्टॉटललाही वाटलं आणि लोकांनी ते शतकानुशतकं मानलं. गॅलिलिओनं उतारावरून गोळे सोडून पाहिले, तेव्हा ही समजूत डळमळली. न्यूटननं 1687 मध्ये ‘प्रिन्सिपिया’त नियम मांडला: बलानं गती बदलते. त्यानं तो संवेगाच्या भाषेत सांगितला. वस्तुमान आणि त्वरणाचं समीकरण पुढं अठराव्या शतकात ऑयलरनं लिहिलं.

मला यात सगळ्यात आवडतं ते वस्तुमान. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात वजनकाटा निरुपयोगी. माणूस आणि काटा दोघंही पृथ्वीकडे सारखेच पडत असतात, मग काट्यावर दाब येणार कुठून? तिथं एक यंत्र अंतराळवीराला ठरावीक बलानं ओढतं आणि त्याचं त्वरण मोजतं. बलाला त्वरणानं भागलं की वस्तुमान हातात! वजन जाणवत नसलं तरी वेग बदलायला शरीराचा विरोध तेवढाच असतो.

शिकवणीतला तो त्रिकोण, वर बल आणि खाली वस्तुमान नि त्वरण, मला मुळीच पटत नाही. भागाकार होतो, पण कुठलं बल घ्यायचं हे त्यात दिसत नाही. तू आधी वस्तू काढ, तिच्यावरची सगळी बलं बाणांनी दाखव, बेरीज कर आणि मगच सूत्राला हात लाव.

आता हे कर: लिफ्ट एकसमान वेगानं वर चालली आहे, आत 50 किलोग्रॅमचा माणूस उभा आहे. लिफ्टचा तळ त्याला किती बलानं वर रेटतो? बाणांसकट उत्तर पाठव.

तुझी,
मावशी