खाडीकाठावरून विमानतळाकडे : नातवंडांचा विमानप्रवास आणि आजी-आजोबांची तयारी

मे महिन्याची सुटी जवळ येऊ लागली की कळव्यातील अनेक घरांत एकच विषय निघतो : नातवंडे कधी येणार आणि कशी येणार? एके काळी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले होते. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यापर्यंत आली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग खाडी ओलांडून कळव्याच्या भूमीवरून कल्याणला पोहोचला. 1916 मध्ये पारसिकच्या डोंगरातील सव्वा किलोमीटरहून अधिक लांबीचा बोगदा खुला झाला. तेव्हापासून सुटीचे पाहुणे कळव्यात उतरले ते रेल्वेनेच. आता मुलगा बंगळुरूला असतो, मुलगी दुबईला. दोघांनाही रजा मिळत नाही. मग नातवंडांना आणण्याचे, पोहोचवण्याचे किंवा एकटे आलेल्या नातवाला विमानतळावर उतरवून घेण्याचे काम आपल्याकडे येते.

विमान सुटण्यापूर्वी एक सूचना प्रत्येक वेळी दिली जाते : प्राणवायूचा मास्क आधी स्वतःला लावा, मग शेजारच्या मुलाला. ही सूचना केवळ संकटसमयापुरती नाही. नातवंडांच्या प्रवासाची सारी तयारी याच क्रमाने करावी, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

आधी आपली प्रकृती

आपण कळवेकर खाडीच्या काठी, समुद्रसपाटीलगत राहतो. विमानाच्या आत हवेचा दाब नियंत्रित केलेला असतो हे खरे. परंतु तो समुद्रसपाटीसारखा नसतो. साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीवर असतो तेवढाच तो असतो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटरचे आहे. म्हणजे विमानात बसलेला माणूस हवेच्या दृष्टीने कळसूबाईच्याही वर बसलेला असतो. निरोगी माणसाला हे जाणवत नाही. मात्र जुना दमा, फुफ्फुसांचा विकार, हृदयविकार किंवा तीव्र रक्तक्षय असलेल्यांना तेथे धाप लागू शकते. जिना चढताना किंवा सपाट रस्त्यावर थोडे चालताना आपल्याला दम लागत असेल, अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल अथवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. नेहमीचे डॉक्टर असोत वा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग, प्रश्न स्पष्ट विचारावा : मी लहान मुलाला सोबत घेऊन विमानाने जाऊ शकतो का?

आपली औषधे हातातील पिशवीतच ठेवावीत. इन्शुलिन सामानाच्या पेटीत कधीही टाकू नये. तेथील थंडीने ते निकामी होऊ शकते. विमानातील हवा अतिशय कोरडी असते, म्हणून पाणी थोडे थोडे पीत राहावे आणि लांबच्या प्रवासात तासाभराने उठून चार पावले चालावे. गुडघे दुखत असतील तर चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी व सोबत लहान मूल आहे हेही सांगावे.

मग मुलांची

मुलांच्या तक्रारींत कानदुखी पहिली. कानाचा मधला भाग आणि घसा यांना जोडणारी नळी मुलांमध्ये अरुंद व आडवी असते, त्यामुळे बाहेरचा दाब वाढला की आतील दाब लवकर जुळत नाही. हा त्रास विमान वर जाताना कमी आणि खाली येताना अधिक होतो. उतरण्याची सुरुवात जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी होते. मूल झोपले असेल तर त्या वेळी त्याला हलकेच उठवावे, कारण झोपेत गिळण्याची क्रिया मंदावते. तान्ह्या बाळाला अंगावर किंवा बाटलीने दूध पाजावे. थोड्या मोठ्या मुलाला पाण्याचे घोट घ्यायला सांगावे. सर्दी, ताप किंवा कान फुटलेला असेल तर प्रवासापूर्वी डॉक्टरांना कान दाखवावा. मूल शांत झोपावे म्हणून स्वतःच्या मनाने सर्दीचे किंवा झोपेचे औषध देऊ नये. त्याने श्वास मंदावू शकतो आणि काही मुले उलट अधिक चिडचिडी होतात.

दोन वर्षांखालील बाळ मांडीवर बसू शकते, पण एका मोठ्या माणसाकडे एकच. दहा किलोचे बाळ दोन-तीन तास मांडीवर धरणे आपल्या खांद्यांना व मनगटांना झेपेल का, याचा विचार आधी करावा. झेपणार नसेल तर बाळासाठी वेगळे आसन घ्यावे.

आसनांबाबत एक महत्त्वाची गोष्ट. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला सोबतच्या पालकाजवळच आसन द्यावे, असे निर्देश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल 2024 मध्ये विमान कंपन्यांना दिले. परंतु त्यासाठी दोघांचे तिकीट एकाच पीएनआर क्रमांकावर असावे लागते. नातवाचे तिकीट मुलाने बंगळुरूहून आणि आपले तिकीट शेजारच्या एजंटाने काढले, तर हा आधार राहत नाही. म्हणून दोन्ही तिकिटे एकत्रच काढावीत.

नातू एकटा येणार असेल तर

भारतातील विमान कंपन्या साधारणपणे पाच वर्षे पूर्ण झालेल्या व बारा वर्षांखालील मुलांना शुल्क घेऊन कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली नेतात. कंपनीगणिक नियम वेगळे असतात, म्हणून ही सोय फोन करून आधीच नोंदवावी आणि शक्यतो थेट विमान निवडावे. यासाठी एक अर्ज भरावा लागतो. त्यात सोडणाऱ्या आणि उतरवून घेणाऱ्या व्यक्तीचे नाव असते. कर्मचारी ओळखपत्र पाहूनच मुलाला त्या व्यक्तीच्या स्वाधीन करतात. अर्जात ‘अण्णा’ असे घरगुती नाव आणि आधार कार्डावर वेगळेच नाव, असे असेल तर विमानतळावर खोळंबा होतो. आपले नाव आधार कार्डावर जसे आहे, अक्षरशः तसेच मुलाला कळवावे. सोडणाऱ्यानेही विमान उडेपर्यंत विमानतळावरच थांबावे.

मुलाला आपला फोन क्रमांक पाठ असावा. त्याच्या आजाराची, ॲलर्जीची व औषधांची नोंद इंग्रजीत लिहून त्याच्या पिशवीत ठेवावी. विमानातील कर्मचारी औषध देण्याची जबाबदारी सहसा घेत नाहीत. दम्याचा पंप जे मूल स्वतः वापरू शकत नाही, त्याला एकटे पाठवू नये.

नातवंडांना परदेशात आई-वडिलांकडे पोहोचवायचे असेल, तर आई-वडिलांचे सहीचे संमतिपत्र व जन्मदाखल्याची प्रत जवळ असावी. कॅनडासारखे देश असे पत्र सोबत ठेवण्याचा आग्रह धरतात.

कळव्याहून कोणत्या विमानतळावर?

तिकिटावर विमानतळाचे नाव नीट वाचावे. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही उड्डाणे सुरू झाली आणि कळवा दोन विमानतळांच्या मध्ये आले. नवी मुंबईकडे जाताना विटावा, ऐरोली, तुर्भे असा रस्ता आहे. मात्र पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचते हे कळवेकरांना वेगळे सांगायला नको. मुंबईकडे जाताना आधी खाडीपूल आणि ठाणे ओलांडावे लागते. नोव्हेंबर 2022 मध्ये नवा पूल खुला झाला, तरी गर्दीच्या वेळेचा हिशेब हाती ठेवावाच. मुंबईत टर्मिनल 1 आणि टर्मिनल 2 यांची प्रवेशद्वारेही वेगवेगळी आहेत.

एकट्या नातवाला घ्यायला जाताना हात मोकळे असतात. तेव्हा धीम्या लोकलने घाटकोपर, तेथून मेट्रोने मरोळ नाका आणि तेथे भूमिगत मेट्रोत बदलून पुढचेच स्थानक, टर्मिनल 2, असे जाता येते. येताना मात्र दमलेले मूल आणि सामान असते. परतीसाठी गाडी ठरवावी. संध्याकाळच्या कळवा लोकलमध्ये त्याला चढवू नये.

निघताना एक शेवटची नजर आपल्या पिशवीवर टाकावी. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत. ते पेट घेऊ शकते, म्हणून ते मनाई असलेल्या वस्तूंत मोडते. लोणचे व तूप घट्ट बांधून सामानाच्या पेटीत आणि पॉवर बँक मात्र हातातील पिशवीतच.

‘जमणार नाही’ हे वेळेवर सांगावे

आपण ओझे वाटू नये म्हणून पुष्कळ ज्येष्ठ मंडळी आपली धाप, चक्कर किंवा अंधूक दिसणे मुलांपासून लपवतात आणि जबाबदारी हसत स्वीकारतात. विमानतळाच्या गर्दीत ती लपवणूक नातवंडाच्या वाट्याला येते. रक्तदाब ताब्यात नसेल, रात्रीचे दिसत नसेल, तर तिकीट काढण्यापूर्वीच तसे सांगावे. अर्जात उतरवून घेणारी व्यक्ती म्हणून पुतण्याचे किंवा विश्वासू शेजाऱ्याचे नाव घालता येते. काळजीवाहू कुटुंबीयांनीही ‘जमेल ना?’ एवढेच न विचारता आई-वडिलांची औषधे, चालणे आणि झोप यांची चौकशी करावी. विमानतळावर कोणीही जावो. नातू घरी येईल तेव्हा दार उघडायला आपण धडधाकट असावे, हे अधिक मोलाचे आहे.