मोहोळची तहानलेली ज्वारी

सोलापूरहून पुण्याकडे निघालात, की वाटेत मोहोळ लागते. आपल्या शुभ्र भाकरीचे हे माहेर! स्थानिक मालदांडीतून ३५-१ हा वाण १९३०च्या दशकात इथेच निवडला गेला. रब्बी ज्वारी जगते ती काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर. म्हणून वाण पारखताना एका वाफ्याला पाणी देतात, दुसऱ्याला मुद्दाम तहानलेले ठेवतात. (शास्त्रज्ञ इतके निष्ठुर असतात!) दाणा भरेपर्यंत ज्याची पाने हिरवी राहतात, तो वाण टिकाऊ, एरवी खडखड्या रोगाने धाट आडवे होते.

मी कणसेच न्याहाळीत होतो. सोबतचे म्हातारे शेतकरी मात्र धाटे चाचपीत होते.

"दाणं तुम्ही खाताल वो," ते म्हणाले, "पण कडब्याबिगर बैलांनी काय खावं?"